स्तनाचा कॅन्सर आणि मज्जातंतू: रिपोर्टमधली ओळ आणि मोबाइलवरची बातमी कशी वाचायची

मी कोल्हापुरातल्या एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीची टेक्निशियन आहे. ऑपरेशन थिएटरमधून फॉर्मालिनच्या डब्यात गाठ येते, डॉक्टर ती कापून बघतात आणि कुठले तुकडे घ्यायचे ते ठरवतात. पुढचं काम माझं. तुकडे रात्रभर मशीनमध्ये, सकाळी मेणाच्या ब्लॉकमध्ये, मग मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप, काचेवर घेऊन रंगवायचे आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचे. निदान मी करत नाही, सही पॅथॉलॉजिस्ट मॅडमची असते. पण रिपोर्ट न्यायला आलेली माणसं खिडकीवर मलाच गाठतात. पूर्वी विचारायची, "ताई, हे पेरिन्यूरल का काय लिहिलंय ते वाईट का?" हल्ली त्याच्या जोडीला मोबाइल पुढे येतो. "मज्जातंतूंमुळे गाठ पसरते म्हणे. उलटीची एक गोळी आहे, ती घेतली तर थांबते म्हणे. खरं का?"

खिडकीवर मागे रांग असते, तिथे नीट सांगता येत नाही. म्हणून इथे लिहिते.

रिपोर्टमधली ओळ

स्तनाच्या ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये गाठीचा प्रकार, ग्रेड, आकार, कडा मोकळ्या आहेत की नाहीत, काखेतले किती नोड (लसिकाग्रंथी) तपासले आणि त्यांतल्या किती नोडमध्ये आजार सापडला, एवढं असतं. ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर), हर-टू (एक प्रथिन) आणि केआय-67 (पेशी किती वेगाने वाढतात त्याची खूण) बहुतेक वेळा मागून वेगळ्या कागदावर येतात. मधेच कुठेतरी दोन ओळी एकीखाली एक असतात. लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन ही पहिली. रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत कॅन्सरच्या पेशी दिसल्या का, ते तिथे लिहितात. दुसरी ओळ पेरिन्यूरल इन्व्हेजन, म्हणजे पीएनआय. कॅन्सरच्या पेशी मज्जातंतूला लागून दिसल्या का, ते तिथे लिहितात.

स्लाइडवर मज्जातंतू ओळखायला शिकवलं तर कुणालाही येईल. नेहमीच्या रंगात, ज्याला आम्ही एच अँड ई म्हणतो, तो फिकट गुलाबी दिसतो. आतले धागे सरळ नसतात, लाटांसारखे वळत गेलेले असतात. त्यांच्यामधली केंद्रकं बारीक, लांबट, तीही तशीच वळलेली. भोवती एक पातळ वेष्टण असतं, विजेच्या वायरवर प्लॅस्टिक असतं तसं. निरोगी स्तनात असा तंतू चरबीत किंवा शिरेच्या शेजारी निवांत पडलेला असतो. पीएनआय असेल तर त्याच वेष्टणाला चिकटून, कधी वेष्टणाच्या आत, जांभळ्या मोठ्या केंद्रकांच्या पेशी वेढा घालून बसलेल्या दिसतात. अर्धवर्तुळ, कधी पूर्ण कडं. शंका असेल तर मॅडम एस-100 नावाचा आयएचसी (ठरावीक प्रथिनालाच रंग चढवणारी तपासणी) मागवतात. त्यात तंतूतल्या धाग्यांना गुंडाळणाऱ्या पेशी (त्यांना श्वान पेशी म्हणतात) तपकिरी होतात आणि तंतू कुठे संपतो, पेशी कुठे सुरू होतात ते स्पष्ट होतं.

आता ही ओळ कशी वाचायची. 'नॉट सीन' असेल तर पुढे जा. 'सीन' असेल तरी आधी नोड, ग्रेड आणि ईआर-पीआर-हर-टू बघा, कारण उपचार प्रामुख्याने त्यावर ठरतात. स्तनाच्या कॅन्सरची स्टेज ठरवण्याच्या टीएनएम (गाठ, नोड, दूर पसरणं) पद्धतीत पीएनआय हा घटकच नाही. स्वादुपिंड, प्रोस्टेट, डोकं-मान यांच्या कॅन्सरमध्ये या ओळीला फार वजन असतं. इंटरनेटवर 'पेरिन्यूरल इन्व्हेजन' टाकलं की बरंचसं तिथलंच वर येतं, आणि माणसं ते आपल्या आईच्या रिपोर्टला लावून रात्र काढतात. शोधताना अवयवाचं नाव टाकल्याशिवाय शोधू नका. आणखी एक. स्क्लेरोझिंग अॅडिनोसिस नावाचा साधा, कॅन्सर नसलेला बदल स्तनात होतो, त्यातही कधी कधी ग्रंथी मज्जातंतूला लागून दिसतात. म्हणून ही एक ओळ सुटी काढून वाचू नये.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. बातम्यांत ज्या मज्जातंतूंची चर्चा असते, ते पीएनआयमधले नव्हेत. पीएनआय म्हणजे आधीपासून असलेल्या जाड तंतूच्या कडेने कॅन्सर सरकणं. संशोधकांना ज्यांत रस आहे ते गाठीत नव्याने शिरलेले, अतिशय बारीक धागे. ते आमच्या एच अँड ई स्लाइडवर दिसतच नाहीत म्हटलं तरी चालेल. त्यांच्यासाठी पीजीपी 9.5 सारखे वेगळे आयएचसी लागतात, ताणाच्या वेळी काम करणारे सिम्पथेटिक तंतू हवे असतील तर टायरोसिन हायड्रॉक्सिलेज. रोजच्या रिपोर्टसाठी हे कुणी लावत नाही, आणि लावून उपचारात काही बदलेल अशी आज स्थिती नाही. म्हणून रिपोर्टमध्ये 'पीएनआय नॉट सीन' असलं म्हणजे गाठीत मज्जातंतू नाहीत असं नाही. आणि बातमी वाचून लॅबमध्ये "आमच्या गाठीतले मज्जातंतू मोजून द्या" असंही सांगायला येऊ नका. आलेले आहेत लोक.

गाठ आणि तंतू यांच्यात चालतं काय

बातमी वाचण्याआधी एवढी पार्श्वभूमी लागते. गाठ आणि तंतू दोघंही एकमेकांना रसायनं पाठवतात. बातम्या सहसा एकच बाजू सांगतात.

गाठीकडून तंतूकडे जाणारी बाजू जुनी आहे. रिटा लेव्ही-माँताल्चिनी या इटालियन बाई अमेरिकेत सेंट लुईसला काम करत होत्या. कोंबडीच्या गर्भावर उंदराची एक कॅन्सरची गाठ लावली की गर्भाचे मज्जातंतू त्या गाठीकडे बेफाम वाढत, हे त्यांनी पाहिलं. 1952 मध्ये त्या तसे उंदीर घेऊन विमानाने रिओ दी जानेरोला गेल्या आणि तिथल्या प्रयोगशाळेत दाखवून दिलं की गाठ काहीतरी रसायन सोडते आहे. तेच नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ. 1986 चं नोबेल त्यांना आणि स्टॅन्ली कोहेन यांना मिळालं. मज्जातंतू वाढवणारा पदार्थ जगाला सापडला तो गाठीमुळे, हे मला फार आवडतं. पुढे फ्रान्समध्ये लीलच्या गटाने, ज्यात ह्युबर्ट ऑन्डरमार्क होते, 2000 नंतरच्या काही वर्षांत दाखवलं की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी स्वतःच एनजीएफ तयार करतात आणि त्याच एनजीएफवर स्वतः वाढतात. एका पदार्थात दोन कामं: तंतूला बोलावणं आणि स्वतःचं पोट भरणं.

तंतूकडून गाठीकडे काय येतं, ते तंतूच्या जातीवर अवलंबून. स्तनाकडे येणारे संवेदनांचे तंतू छातीच्या दुसऱ्या ते सहाव्या बरगडीखालच्या नसांच्या शाखा असतात. स्पर्श, वेदना त्यांच्याकडे. सिम्पथेटिक तंतू रक्तवाहिन्यांच्या अंगाने येतात. घाबरल्यावर, धावताना, ताणात जे यंत्र चालू होतं, त्याचे हे. ते नॉरअॅड्रेनलिन सोडतात. वेदनेचे काही तंतू सबस्टन्स पी नावाचा छोटा रेणू सोडतात. तिखट लागलं की आग होते, त्यातही हाच रेणू असतो. आता इथे कोल्हापुरात हे लिहिलं की पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणून सांगून टाकते: तांबड्या रश्श्याचा या संशोधनाशी काही संबंध नाही, जेवा.

बातमी वाचताना

बातमी आली की मी आधी शोधते, तंतू कुठला. 'मज्जातंतू' एवढंच लिहिलं असेल तर बातमी अर्धवट आहे. कारण वेगवेगळ्या तंतूंचं वागणं वेगवेगळं, कधी चक्क उलटं.

याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण जपानचं आहे. ओकायामा विद्यापीठाच्या कामिया आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये उंदरांच्या स्तनाच्या गाठीत विषाणूच्या मदतीने जीन घालून तंतूंना चालना दिली. सिम्पथेटिक तंतूंना चालना दिली तर गाठ वाढली आणि पसरली, पॅरासिम्पथेटिकला (शरीर निवांत असताना काम करणाऱ्या तंतूंना) दिली तर दोन्ही कमी झालं. त्यांनी 29 स्त्रियांच्या साठवलेल्या गाठींचे नमुनेही पाहिले. ज्यांच्यात सिम्पथेटिक तंतू दाट आणि पॅरासिम्पथेटिक विरळ, त्यांचा आजार पुढे जास्त बिघडला होता. 29 हा आकडा लक्षात ठेवा. दिशा दाखवायला तो पुरतो, तुमच्या आईचं भविष्य सांगायला पुरत नाही.

संवेदनांच्या तंतूंचं प्रकरण आणखी गुंतलेलं आहे. तुर्कस्तानातल्या नुराय एरिन यांनी 2004 मध्ये उंदरांना मिरचीतल्या कॅप्सेसिनचा मोठा डोस देऊन संवेदनांचे तंतू निकामी केले. तंतू गेले म्हणजे पसरणं कमी होईल असं वाटेल. उलट फुफ्फुसात आणि हृदयात ते वाढलं. आणि वीस वर्षांनी, 2024 मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातून वीणा पद्मनाभन आणि सोहेल तवाझोई यांचा पेपर आला, त्यात संवेदनांचे तंतूच पसरायला मदत करतात असं निघालं. मग खोटं कोण? खोटं कुणीच नाही. पेशींची जात वेगळी, तंतू मारण्याची रीत वेगळी, प्रतिकारशक्तीचा भाग वेगळा. म्हणून 'मज्जातंतू कापले की कॅन्सर आटोक्यात' असं कुणी छातीठोक सांगितलं तर त्याने यातला एकच पेपर वाचलाय, तोही मथळ्यापुरता.

त्या 2024 च्या पेपरवर जरा थांबते, कारण उलटीच्या गोळीची बातमी त्यातूनच निघाली. उंदरांच्या ज्या गाठी जास्त पसरणाऱ्या, त्यांत तंतू जास्त होते. तंतूंना आत ओढणारा पदार्थ, स्लिट-टू, गाठीतल्या रक्तवाहिन्यांमधून येत होता. म्हणजे या प्रयोगात बोलावणं रक्तवाहिनीचं होतं, कॅन्सरच्या पेशीचं नव्हे. तंतू आला की कॅन्सरच्या पेशी त्याला चेतवतात आणि तो सबस्टन्स पी सोडतो. पुढचा भाग मी दोनदा वाचला. सबस्टन्स पी पकडणारे रिसेप्टर ज्या मोजक्या कॅन्सर पेशींवर भरपूर असतात, त्या पेशी त्याने मरतात. मरताना त्यांच्यातला एकपदरी आरएनए बाहेर सांडतो. शेजारच्या जिवंत कॅन्सर पेशी टीएलआर-7 नावाच्या रिसेप्टरने तो ओळखतात आणि पसरण्याची जीन चालू करतात. टीएलआर-7 मुळात विषाणू ओळखायचं हत्यार. काही पेशी मरतात म्हणून बाकीच्या पसरतात, असा हा उलटा खेळ. स्त्रियांच्या गाठींमध्येही ज्यांत सबस्टन्स पी जास्त, त्यांत नोडपर्यंत पसरणं जास्त होतं.

सबस्टन्स पीचा रिसेप्टर अडवणारं औषध बाजारात होतंच: अॅप्रेपिटंट, म्हणजे तीच उलटीची गोळी. त्याने उंदरांत गाठ वाढणं आणि पसरणं दोन्ही कमी झालं. हे 'उंदरांत' बातमीच्या पाचव्या परिच्छेदात असतं, तोवर वाचणारा थांबलेला असतो. मी उलटं करते. आधी पानभर शोधून हे कुणावर केलं ते काढते, मग मथळा वाचते. काचेच्या ताटलीतल्या पेशी, उंदीर, साठवलेले नमुने, की औषध देऊन पाहिलेल्या बायका, या चारांतलं काय, हे कळल्याशिवाय पुढे वाचण्यात अर्थ नाही.

मग बघायचं, मोजलं काय. 'कॅन्सर वाढला' यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ गाठ मोठी होणं एक, दुसऱ्या अवयवात पसरणं दुसरं. मेलबर्नच्या एरिका स्लोन यांचा 2010 चा पेपर यासाठी वाचण्यासारखा. स्तनाची गाठ असलेल्या उंदरांना रोज काही वेळ अरुंद नळीत हलता येणार नाही असं कोंडून ठेवलं. मूळ गाठीच्या वाढीत नगण्य फरक पडला. पण नोड आणि फुफ्फुसांत पसरणं तीसपट झालं. प्रोप्रॅनोलॉल (सिम्पथेटिक तंतूंचा निरोप अडवणारं बीटा ब्लॉकर औषध) दिल्यावर हा ताणाचा परिणाम अडला. म्हणजे वरून मोजलं असतं तर गाठ तेवढीच, आणि आत गोष्ट वेगळीच चाललेली.

प्रोप्रॅनोलॉलचं पुढे माणसांत काय झालं? मेलबर्नमध्येच 60 स्त्रियांवर चाचणी झाली, निकाल 2020 मध्ये आला. ऑपरेशनच्या आधी सात दिवस अर्ध्यांना प्रोप्रॅनोलॉल, अर्ध्यांना दिसायला तशीच बिनऔषधाची गोळी. काढलेल्या गाठीत पसरण्याशी संबंधित जीनच्या खुणा औषध घेतलेल्यांत कमी दिसल्या. चांगली गोष्ट आहे. पण सात दिवसांत खुणाच मोजता येतात, कोण किती वर्षं जगलं ते नव्हे. दुसरीकडे, रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असलेल्या बायकांच्या जुन्या नोंदी तपासणारे अभ्यास आहेत. काहींत फायदा दिसतो, काहींत दिसत नाही. कुणी त्यातला एकच दाखवत असेल तर दुसरा विचारा.

अलीकडच्या दोन गोष्टी धावत सांगते, कारण त्यांच्याही रील्स फिरतात. 2019 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमधून डग्लस हानाहन यांच्या गटाने दाखवलं की मेंदूत पोचलेल्या स्तनाच्या कॅन्सर पेशी तिथल्या चेतापेशींच्या सांध्यांपाशी जाऊन बसतात आणि त्यांचं ग्लुटामेट (चेतापेशींचं निरोप द्यायचं रसायन) वापरून वाढतात. आणि 2025 मध्ये अमेरिकेतल्या साउथ अलाबामा विद्यापीठातून आलं की चेतापेशी आपले मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) कॅन्सर पेशींना देतात, आणि ज्यांना ते मिळतात त्या पेशी पसरताना जास्त तगतात. बातमी म्हणून दोन्ही जबरदस्त. उपचार म्हणून आज हातात काही नाही.

घरातली गोळी

हे वाचून गोळी शोधू नका. अॅप्रेपिटंट केमोच्या वेळी उलटी थांबवायला आपल्याकडे सर्रास देतात, पहिल्या दिवशी 125 मिलिग्रॅम, मग दोन दिवस 80. तेवढ्यापुरतं ते सुरक्षित म्हणून वापरात आहे. पण यकृतातल्या ज्या एन्झाइमने बरीच औषधं पचतात त्याच्यावर ते परिणाम करतं, म्हणूनच सोबतच्या डेक्सामेथासोनचा (एक स्टेरॉइड) डोस डॉक्टर कमी करतात. ते रोज, महिनोन् महिने, मेडिकलमधून आणून घ्यायचं औषध नव्हे. केमोच्या किटमध्ये ते आधीच आहे का एवढं डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

प्रोप्रॅनोलॉल तर अर्धशिशीसाठी, हात थरथरतात म्हणून कितीतरी घरांत पडलेलं असतं. दमा असलेल्या बाईला ते दिलं तर श्वास अडकतो. नाडी आधीच मंद असेल तर आणखी मंद होते. आणि हृदयाच्या माणसाने ते एकदम बंद करणंही धोक्याचं. आमच्या ओळखीतल्या एका काकूंच्या मुलाने शेजाऱ्याची स्ट्रिप आणून दिली होती. काकूंना जुना दमा. त्यांच्या सुनेने वेळेवर विचारलं म्हणून ती स्ट्रिप परत गेली.

"तू टेन्शन घेतलंस म्हणून"

या विषयाचा सगळ्यांत वाईट उपयोग हा होतो. स्लोन यांच्या उंदरांची बातमी कुणीतरी वाचतं आणि आजारी बाईला ऐकवतं की तुझ्या स्वभावामुळे हे झालं, आता तरी हसत राहा. सासरी, माहेरी, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे ऐकलंय मी हे.

प्रयोग काय होता ते परत बघा. उंदरांना गाठ आधी घातली होती, ताणाने ती झाली नव्हती. ताण म्हणजे नळीत कोंडणं, घरकर्जाचा हप्ता किंवा मुलाची दहावी नव्हे. आणि जे मोजलं ते पसरणं. यातून 'काळजी केल्याने स्तनाचा कॅन्सर होतो' असं वाक्य कुठल्याच बाजूने निघत नाही. झोप येत नसेल, छातीत धडधडत असेल, रडू आवरत नसेल, तर त्याचा इलाज जरूर करा, पण तो त्रास कमी व्हावा म्हणून. गाठीचा हिशेब तिच्या डोक्यावर मारू नका. घरात कुणी तसं बोललं तर तिथल्या तिथे अडवा, ती स्वतः अडवणार नाही.

दुखण्याबद्दलही एक गैरसमज याच बातम्यांतून पक्का होतो. गाठीत मज्जातंतू असतात म्हणजे गाठ दुखेल असं बायकांना वाटतं, आणि दुखत नाही म्हणून दाखवत नाहीत. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. न दुखणारी कडक गाठ आधी दाखवा. उलट, काखेच्या ऑपरेशननंतर दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा, मुंग्या किंवा चुरचुर होते. ती बहुधा इंटरकॉस्टोब्रेकियल नावाची त्वचेची नस काखेतून जाते तिच्यामुळे. नोड काढताना ती ताणली किंवा कापली जाते. कॅन्सर हातात उतरला असा अर्थ नाही. डॉक्टरांना सांगायचं, पण घाबरून नव्हे.

सर्जनला विचारण्याजोगी एक गोष्ट

या सगळ्या शाखेत बायकांवर मोठ्या संख्येने करून पाहिलेली, त्या किती जगल्या तेही मोजलेली गोष्ट आपल्या परळच्या टाटा मेमोरियलमधून आली. फॉरवर्डमध्ये ती मला क्वचितच दिसते, कदाचित फार साधी आहे म्हणून.

मज्जातंतूत वीज वाहते ती सोडियमच्या दारांमुळे. दाताच्या डॉक्टरांचं लिग्नोकेन तीच दारं बंद करतं, म्हणून जबडा बधिर होतो. प्रयोगशाळेत असं आढळलं होतं की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवरही अशी सोडियमची दारं असतात आणि आजूबाजूला घुसताना त्या ती वापरतात. म्हणजे इथे तंतू येऊन मदत करत नाही, कॅन्सरच्या पेशीनेच तंतूचं एक अंग उचललेलं आहे. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी विचार केला की गाठ हाताळण्याआधी तिच्याभोवती लिग्नोकेन दिलं तर?

2011 पासून भारतातल्या 11 केंद्रांत चाचणी झाली. ज्यांचं आधी ऑपरेशन करायचं ठरलं होतं अशा सुरुवातीच्या टप्प्यातल्या बायका घेतल्या. चिठ्ठी टाकावी तशा दोन गटांत वाटल्या. एका गटाला ऑपरेशनच्या 7 ते 10 मिनिटं आधी गाठीच्या सगळ्या बाजूंनी अर्धा टक्का लिग्नोकेन, दुसऱ्याला नाही. बाकी भूल, ऑपरेशन, पुढचे उपचार नेहमीचे. निकालात 1,583 बायका धरल्या. पाच वर्षांनी आजार परत न आलेल्या 86.6 टक्के विरुद्ध 82.6 टक्के. जिवंत असलेल्या 90.1 टक्के विरुद्ध 86.4 टक्के. बडव्यांनी सप्टेंबर 2022 मध्ये पॅरिसच्या परिषदेत हे मांडलं, 2023 मध्ये छापून आलं.

आकडा वाचायची रीत अशी: शंभर बायकांना इंजेक्शन दिलं तर पाच वर्षांत साधारण चौघींचा आजार परत येणं टळलं. बाकी छप्पन्न लेख 'पसरणं 30 पट, 50 टक्के घट' असं लिहितात, तिथेही शंभरातल्या किती हे काढता आलं पाहिजे. नाही काढता आलं तर तो आकडा सोडून द्या. या चाचणीवरचा मुख्य आक्षेपही सांगते: दुसऱ्या गटाला नुसत्या सलाइनचं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, आणि कोणाला काय मिळालं ते सर्जनला माहीत होतं. परिणाम सोडियमच्या दारांमुळेच झाला का, हे सिद्ध करायची ही चाचणीही नव्हती. तरी औषध जुनं, स्वस्त, प्रत्येक थिएटरमध्ये ठेवलेलं. माझ्या घरातल्या बाईचं ऑपरेशन असतं तर मी विचारलं असतं.

विचारायचं ते ऑपरेशनच्या आदल्या भेटीत, स्ट्रेचरवर नव्हे. "डॉक्टर, टाटाच्या चाचणीतलं गाठीभोवतीचं लिग्नोकेन तुम्ही देता का, हिला चालेल का?" एवढं पुरे. हृदयाची लय बिघडलेली असेल, आधी कधी भुलेच्या इंजेक्शनने त्रास झाला असेल, तर ते भूलतज्ज्ञांना त्याच वेळी सांगायचं. आधी केमो देऊन मग ऑपरेशन ठरलं असेल, तर ही चाचणी तशा बायकांवर झालेली नव्हती, आणि डॉक्टर तसं म्हणाले तर ते बरोबरच म्हणतायत.

एक काम मात्र तुमचं. रिपोर्टसोबत ब्लॉक आणि स्लाइड कुठे ठेवलेत ते लॅबमध्ये विचारून घ्या. दुसरं मत घ्यायचं असेल, पीएनआयबद्दल शंका असेल किंवा पुढे एखाद्या चाचणीत नाव घालायचं असेल, तर नुसत्या स्लाइडवर भागत नाही, ब्लॉक लागतो, कारण नवे काप त्यातूनच निघतात. लॅब अर्जावर सही घेऊन ब्लॉक देते. मुंबईला नेताना तो पर्समध्ये, छोट्या डबीत ठेवा. मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काचेखाली ठेवलेला ब्लॉक आमच्याकडे परत येतो तेव्हा त्याचा चेहरा वाकडा झालेला असतो, आणि तो पुन्हा बसवताना आधीच बारीक असलेला तुकडा आणखी वाया जातो.